काडतूस सगळ्यात शेवटी ठरलं: एका रायफलच्या निवडीची हकीकत

माझा एक मित्र बरीच वर्षं .२२ आणि .२२३ च्या रायफलने कागदी टार्गेटवर नेमबाजी करत होता. दीड वर्षाने त्याला एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला जायचं होतं. उंच डोंगर, दिवसाला दहा-बारा किलोमीटर चढउतार, सोबतीला वाटाड्या. शिवाय दर महिन्याला तो लांब पल्ल्याच्या स्पर्धांना जाऊ लागला होता, आणि तिथे लोखंडी प्लेट हजार मीटरपर्यंत लांब मांडलेल्या असायच्या. माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या मनात सगळं पक्कं होतं: .३०० विन्चेस्टर मॅग्नम, २६ इंची जाड नळी, २५ पट मोठं दाखवणारा स्कोप, आणि दोन्ही कामांना ही एकच रायफल. माझ्याकडून त्याला फक्त मान हलवून घ्यायची होती.

मी लगेच मान हलवली नाही, याचं कारण त्याचं वजन. त्याचं स्वतःचं नाही, रायफलचं. जाड नळी, मोठा स्कोप, बाईपॉड (टेकवायचे पुढचे दोन पाय) आणि भरलेलं मॅगझिन धरलं तर हे प्रकरण सहा किलोंच्या पुढे जात होतं. स्पर्धेत पोटावर पडून झाडायला हे वजन सोन्यासारखं. धक्का कमी होतो, रायफल हलत नाही. पण तीन हजार मीटर उंचीवर, विरळ हवेत, पाठीवर सामान असताना चौथ्या दिवशी तीच रायफल खांदा सोलून काढते, आणि धापा टाकणाऱ्या माणसाचा नेम कुठल्याच काडतुसाने सुधारत नाही. शिकारीची रायफल स्कोपसकट चार किलोंच्या आसपास असावी आणि स्पर्धेची सहा-सातच्या, यावर बहुतेक जाणकारांचं एकमत आहे. दोन्ही कामं एकीकडून करून घ्यायची म्हणजे कुठेतरी कमी पडायचंच. कुठे पडलेलं चालेल, हे आधी ठरवायला हवं होतं.

"ते नंतर बघू," तो म्हणाला, "कॅलिबर बरोबर आहे ना, ते सांग."

इथे जरा थांबावं लागलं. कॅलिबर म्हणजे नळीचा आणि गोळीचा व्यास. .३०८ विन्चेस्टर, .३०-०६ स्प्रिंगफील्ड आणि .३०० विन्चेस्टर मॅग्नम या तिन्हींत गोळी एकाच जाडीची बसते, ०.३०८ इंच, म्हणजे ७.८२ मिलिमीटर. फरक आहे तो मागच्या पितळी केसचा आणि तिच्यात मावणाऱ्या दारूचा. .३०-०६ ही १९०६ची, .३०८ ही १९५२ची, .३०० मॅग्नम १९६३ची. नावांत तर काहीच ताळमेळ नाही: पहिल्या नावातला ०६ हा आकडा सन आहे, दुसऱ्यातला ३०८ हा व्यास आहे, आणि तिसऱ्यात व्यासच गोल करून टाकलाय. तेव्हा प्रश्न नुसत्या कॅलिबरचा नव्हता. किती जड गोळी, किती वेगाने, आणि त्याची किंमत खांद्याने किती मोजायची, असा तो होता.

मी तीन रायफली जमवल्या. एक ६.५ क्रीडमूरची, एक ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नमची, एक त्याच्या लाडक्या .३०० ची. तिन्ही बोल्ट अॅक्शनच्या (दर गोळीला हाताने खिट्टी ओढायच्या), स्कोपसकट चार किलोंच्या आगेमागे, आणि कुणालाही मझल ब्रेक, म्हणजे नळीच्या तोंडावरचा धक्का कमी करणारा तुकडा, नाही. ६.५ क्रीडमूर २००७ साली हॉर्नेडीने मुळात स्पर्धेसाठी आणली. ७ मिमी मॅग्नम १९६२ साली रेमिंग्टनच्या मॉडेल ७०० बरोबर आली.

सकाळी टेबलावर, वाळूच्या पिशव्यांवर रायफली टेकवून १०० मीटरवर तीन-तीन गोळ्यांचे ग्रुप काढले. सगळ्यात घट्ट ग्रुप .३०० चा आला, अडीच सेंटिमीटरच्या आत. मित्राने माझ्याकडे असं पाहिलं की जणू खटलाच निकाली निघाला. तीन गोळ्यांच्या ग्रुपवर मी फारसा विश्वास ठेवत नाही. तीन गोळ्या नशिबानेही एका जागी पडतात. दहा झाडल्या की रायफलचा खरा स्वभाव कळतो. आणि टेबलावर बसून दिसतो तो रायफलचा स्वभाव, माणसाचा नाही.

दुपारी टेबल बाजूला ठेवलं. २५० मीटरवर २५ सेंटिमीटर व्यासाची प्लेट लावली, मित्राला जमिनीवर बसवलं, रायफल दोन काठ्यांच्या आधारावर. प्रत्येक रायफलच्या दहा गोळ्या. भरायचं काम मी घेतलं, आणि मधूनमधून त्याला न सांगता मोकळं, दारू नसलेलं काडतूस भरत गेलो. ही युक्ती जुनीच आहे, पण तिच्याइतकी निष्ठुर परीक्षा दुसरी नाही. चाप ओढला आणि बार झालाच नाही, की माणसाचा खांदा, डोळा, मनगट काय करत होतं ते उघडं पडतं.

६.५ ने दहातल्या नऊ लागल्या. मोकळ्या काडतुसावर रायफल जागची हलली नाही. ७ मिमीने आठ लागल्या, आणि मोकळ्या काडतुसावर नळीचं टोक जरासं खाली झुकलं. .३०० ने पहिल्या तीन अगदी मधोमध बसल्या, पुढच्या सातांत दोन. चौथ्या वेळी मोकळं काडतूस आलं तेव्हा नळी सरळ जमिनीकडे गेली आणि त्याचे डोळे मिटलेले होते. तोही हे पाहून काही वेळ गप्प बसला.

धक्क्याचं गणित सोपं आहे. गोळी आणि मागून सुटणारा वायू जेवढा रेटा पुढे नेतात तेवढाच मागे येतो, आणि रायफलच्या वजनाने त्याची ऊर्जा ठरते. चार किलोंच्या रायफलमध्ये १४३ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) ६.५ क्रीडमूर साधारण १६-१७ जूल धक्का देते, १६२ ग्रेनची ७ मिमी मॅग्नम तिसेक जूल, आणि २०० ग्रेनची .३०० मॅग्नम चाळीसच्या घरात. म्हणजे अडीच पट. नियमित झाडणाऱ्या माणसालाही पंचवीस-तीस जूलच्या पुढे सवय लावून घ्यावी लागते, आणि ती सवय सरावानेच होते. गंमत अशी की सराव करायलाच .३०० नकोसा वाटतो.

मझल ब्रेक लावला तर धक्का तिसऱ्या हिश्शाने, कधी निम्म्याने उतरतो. पण बार कानठळ्या बसवणारा होतो. उघड्या रायफलचाच आवाज १६० डेसिबलच्या वर असतो, ब्रेकमुळे तो झाडणाऱ्याच्या आणि शेजाऱ्याच्या कानाकडे वळतो. स्पर्धेत सगळ्यांच्या कानांवर संरक्षण असतं. शिकारीत वाटाड्या बाजूला उघड्या कानांनी बसलेला असतो. जिथे कायद्याने चालतो तिथे सायलेन्सर हा जास्त सभ्य उपाय, फक्त नळीची लांबी आणि वजन वाढतं.

संध्याकाळी आकड्यांकडे वळलो. मित्राचा मुद्दा होता की .३०० "लांबवर सरळ जाते आणि वारा कापते". पहिला अर्धा थोडासा खरा आहे. समुद्रसपाटीच्या हवेत, १०० मीटरवर झीरो करून (म्हणजे स्कोपचा नेम आणि गोळी त्या अंतरावर जुळवून), ५०० मीटरवर ६.५ क्रीडमूरची १४३ ग्रेनची गोळी (वेग सेकंदाला ८२३ मीटर) सुमारे १.७ मीटर खाली येते, .३०० ची २०० ग्रेनची (८७२ मीटर) दीड मीटर, ७ मिमीची १६२ ग्रेनची (८९६ मीटर) १.४. वीस-तीस सेंटिमीटरचा फरक. पण अंतर मोजायचं यंत्र हातात असताना आणि स्कोपची चकती फिरवता येत असताना या फरकाला कोण विचारतो? खाली किती येणार हे आधीच माहीत असतं. चार-पाच क्लिक जास्त, एवढंच.

दुसरा अर्धा मात्र पार चुकला. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा धरला तर ५०० मीटरवर ६.५ ची गोळी सुमारे ४६ सेंटिमीटर सरकते. .३०० ची? तीही ४६. ७ मिमीची ४१-४२. वाऱ्यात किती सरकणार हे गोळीच्या वजनावर ठरत नाही, हवेत तिचा वेग किती टिकतो यावर ठरतं. ६.५ ची गोळी बारीक आणि लांबट असते. सुरुवातीला हळू निघते, पण वेग कमी गमावते. .३०० ने तिला मात द्यायची तर आणखी लांब, आणखी जड गोळी घ्यावी लागते, आणि धक्का पुन्हा चढतो. हा आकडा पाहिल्यावर मित्राने कॅल्क्युलेटर स्वतःकडे ओढला आणि तीनदा तपासला.

मग .३०० ला अर्थच नाही का? आहे, आणि तो जनावराच्या अंगाकडे पाहिलं की कळतो. एल्कचा पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोंचा. खांद्याचं हाड जाड, अंगाची रुंदी मोठी. ५०० मीटरवर ६.५ कडे सुमारे १,७०० जूल उरतात, ७ मिमीकडे २,३००, .३०० कडे अडीच हजार. शिकाऱ्यांमध्ये एल्कसाठी दोन हजार जूलचा ठोकताळा रूढ आहे, ६.५ क्रीडमूर त्याखाली ३५० मीटरच्या आसपास येते. ठोकताळाच तो, निसर्गाचा नियम नव्हे. काही देशांच्या कायद्यांतही असे आकडे सापडतात. जर्मनीत मोठ्या हरणांसाठी किमान ६.५ मिमी व्यास आणि १०० मीटरवर २,००० जूल लागतात. पण ऊर्जा एकटी काही मारत नाही. डब्ल्यू. डी. एम. बेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी आफ्रिकेत शेकडो हत्ती ७ मिमी माउझरच्या काडतुसाने पाडले, कारण गोळी नेमकी कुठे जायला हवी हे त्यांना हत्तीच्या शरीराच्या आतून माहीत होतं. बेलचा दाखला देऊन लहान काडतूस मागणारे लोक बेलसारखे झाडत नाहीत, एवढं मात्र ध्यानात असावं. आज धोकादायक जनावरांसाठी आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी .३७५ हा किमान व्यास धरतात, ते उगीच नाही.

माझ्या मते ऊर्जेपेक्षा जास्त बोलायला हवं ते गोळीच्या बांधणीबद्दल. स्पर्धेची गोळी कागदावर सुंदर चालते, पण जनावराच्या अंगात तिचं वागणं भरवशाचं नसतं: कधी वरच फुटते, कधी सुईसारखी आरपार जाते. शिकारीची गोळी ठरावीक वेगाच्या वर फुलते आणि तरी वजन धरून आत जाते. पूर्ण तांब्याच्या बऱ्याच गोळ्यांना फुलायला सेकंदाला सहाशे मीटरच्या आसपास वेग हवा असतो. शिशाच्या गाभ्याच्या, लांब पल्ल्यासाठी केलेल्या काही गोळ्या पाचशेच्या जवळही फुलतात. म्हणजे शिकारीचा पल्ला ठरवताना "गोळी कुठवर पोचते" यापेक्षा "गोळी कुठवर फुलते" हे विचारायचं.

आणि त्याच्याही आधी वारा. एल्कच्या काळीज-फुप्फुसाचा भाग ३५-४० सेंटिमीटरचा. मधोमध नेम धरला तर दोन्ही बाजूंना १८-२० सेंटिमीटर मोकळीक. वाऱ्याचा अंदाज ताशी आठ किलोमीटरने चुकला, आणि डोंगरात तो सहज चुकतो, तर ५०० मीटरवर ७ मिमीची गोळी २० सेंटिमीटर बाजूला. म्हणजे बाकी सगळं अचूक असूनही जनावर जखमी होऊन पळणार. ३५० मीटरवर तीच चूक दहा सेंटिमीटरची, ती या मोकळिकीत मावते. हे गणित मांडलं तेव्हा शिकारीच्या पल्ल्याचा वाद मिटला: बसून ३०० मीटर, पोटावर पडून आणि वारा शांत असेल तर ४००, त्यापुढे चाप ओढायचा नाही.

एवढं ठरल्यावर मी ६.५ क्रीडमूर घे म्हणालो, शिकारीचा पल्ला ३५० वर थांबव. त्याने ऐकलं नाही. जनावर अगदी समोर आडवं उभं राहील असं थोडंच आहे, तिरकं असेल, हाड मध्ये येईल, तेव्हा हातात थोडं जास्तीचं हवं, असं त्याचं म्हणणं. वर ७ मिमीने त्याच्या आठ गोळ्या लागल्याच होत्या, आणि धक्क्याला सरावायला त्याच्याकडे दीड वर्ष होतं. आज मला वाटतं, तो बरोबर होता. मी आकड्यांच्या प्रेमात पडलो होतो.

७ मिमीतच २०२२ साली आलेलं ७ मिमी पीआरसी हा नवा पर्याय होता. ते लांब, जड गोळ्यांसाठीच बेतलंय, आणि नळीच्या आट्यांचा (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचांचा) पीळ आठ इंचांत एक फेरा इतका घट्ट. त्याने जुनं रेमिंग्टन मॅग्नम घेतलं ते एका रुक्ष कारणासाठी. विमानात साधारण पाच किलोंपर्यंतच काडतुसं नेता येतात, ती पेटी कधी वेगळ्याच शहरात उतरते, आणि साठ वर्षं जुनं काडतूस कुठेही मिळण्याची शक्यता जास्त. रायफल घेतली ती २४ इंची, मध्यम जाड नळीची, सिंथेटिक दस्त्याची, ३ ते १५ पटीच्या स्कोपसकट ४.१ किलो. आट्यांचा पीळ साडेनऊ इंचांत एक.

हा शेवटचा आकडा मी वाचला आणि पुढे गेलो. तिथेच माझी चूक झाली. लांब पल्ल्यासाठी मी त्याला १८० ग्रेनच्या, सडपातळ गोळ्या सुचवल्या. गोळी जितकी लांब तितकी तिला जास्त फिरकी लागते, आणि साडेनऊचा पीळ तिला जेमतेम पुरत होता. थंडीच्या दिवसांत, हवा दाट असताना, ग्रुप दुप्पट पसरले आणि पुठ्ठ्यावरची भोकं गोल न पडता लांबट पडू लागली, म्हणजे गोळी डगमगत जात होती. शिवाय ती गोळी नीट बसवली की काडतूस मॅगझिनमध्ये मावेना. दोन महिने आणि बराच पैसा वाया गेल्यावर आम्ही १६२ ग्रेनवर परतलो. पहिल्याच दिवशी दहा गोळ्या चार सेंटिमीटरमध्ये बसल्या. रायफल घेण्याआधी गोळी ठरवावी आणि पीळ तिच्याशी जुळवावा, हे मी दुसऱ्यांना कितीतरी वेळा सांगितलेलं आहे.

सरावाचा आराखडा साधा होता. आठवड्याला .२२ च्या पन्नास गोळ्या, ७ मिमीच्या फक्त दहा, आणि दर वेळी त्यात दोन-तीन मोकळी काडतुसं. पहिली गोळी नेहमी थंड नळीतून, बसून, धावत येऊन. झीरो २०० मीटरवर केलं. मग २५० वर आठेक सेंटिमीटर खाली, ३०० वर वीस. चकतीला हात न लावता एवढं निभतं. सात-आठ महिन्यांत मोकळ्या काडतुसावरचं झुकणं जवळजवळ थांबलं.

डोंगरावर पोचल्यावर मजेशीर घोटाळा झाला. मोबाइलवरचं बॅलिस्टिक अॅप त्याने हवामान खात्याच्या दाबावर चालवलं, आणि तो दाब समुद्रसपाटीला जुळवून दिलेला असतो. तीन हजार मीटरवर हवा प्रत्यक्षात चौथ्या हिश्शाने विरळ असते. ५०० मीटरवर या चुकीने दहाएक सेंटिमीटरचा फरक पडतो, हजारावर मीटरभराच्या आसपास. संध्याकाळी झीरो तपासताना ४०० मीटरच्या दगडावर गोळ्या सातत्याने वर लागल्या, तेव्हा लक्षात आलं. उंची बदलली की तिथला प्रत्यक्ष दाब घ्यायचा, किंवा दाब मोजणारं छोटं यंत्र खिशात ठेवायचं.

तिसऱ्या दिवशी सुमारे ५२० मीटरवर एक मोठा नर दिसला. दोन घळींचा वारा एकमेकांना छेदत होता, गवत इकडे डावीकडे आणि पलीकडे उजवीकडे झुकलेलं. वाटाड्याने "मारा" अशी खूण केली. मित्राने बोल्ट उघडला आणि रायफल खाली ठेवली. पाचव्या दिवशी २३० मीटरवर, पंचवीस अंशांच्या चढावर दुसरा नर मिळाला. चढावर किंवा उतारावर गोळी आडव्या अंतराप्रमाणे खाली येते; २३० मीटरचं आडवं अंतर २०८. म्हणजे झीरोच. बसून एक गोळी. जनावर चाळीसेक पावलं गेलं आणि पडलं. गोळी पलीकडच्या कातड्याखाली सापडली, फुललेली.

या अंतरावर तिन्हींपैकी कुठलीही रायफल चालली असती, हे त्यानेच परत आल्यावर कबूल केलं.

राहिली स्पर्धा. तिथे ७ मिमी मॅग्नम कमी पडली ती वेगळ्याच कारणाने. एका स्पर्धेत साठ-सत्तर गोळ्या जातात. मध्यम जाडीची नळी दहाव्या गोळीलाच तापते आणि नेम सरकू लागतो. ब्रेक लावूनही दिवसअखेर त्याचा खांदा निळा व्हायचा. आणि मॅग्नमची नळी घसा (गोळी नळीत शिरते तो भाग) जळून हजार-दीड हजार गोळ्यांत उतरायला लागते. वर्षाला आठशे झाडणाऱ्याला दोन हंगामांत नवी नळी. ६.५ क्रीडमूरची नळी दोन-अडीच हजारांपुढे सहज जाते. दुसऱ्या वर्षी त्याने स्पर्धेसाठी सात किलोंची ६.५ घेतली, जाड नळीची, ज्या २५ पटीच्या स्कोपवर तो आधी अडला होता तो स्कोप लावून.

७ मिमी आता वर्षाला ऐंशी गोळ्या झाडते. त्यातल्या तिसेक झीरो तपासण्यात जातात, बाकीच्या बसून, २५० मीटरवरच्या त्याच प्लेटवर. मोकळी काडतुसं भरायला तो अजून मलाच बोलावतो.